टुंड्रा टॉवरचा डेटा: फेब्रुवारीत उणे पंचवीसला कार्बन शोषला जातोय असं दिसतंय, चूक कुठे शोधू?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचा प्रकल्प आहे: तापमानवाढीत उत्तरेकडची सूचीपर्णी जंगलं आणि टुंड्रा यांचं कार्बनचक्र. तिकडे जाणं शक्य नाही, म्हणून फ्लक्सनेटचा (जमीन आणि हवा यांच्यातली कार्बनची देवाणघेवाण मोजणाऱ्या टॉवरांचं जागतिक जाळं) खुला डेटा घेतलाय. एक ठिकाण फिनलंडमधलं ह्युटियालाचं पाइन जंगल, दुसरं उत्तर अलास्कातला टुंड्रा टॉवर. अर्ध्या तासाच्या नोंदी, रकाना 'एनईई_व्हीयूटी_रेफ' (एनईई म्हणजे परिसंस्था आणि हवा यांच्यातली कार्बन डायऑक्साइडची निव्वळ देवाणघेवाण), काम 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये. ऋण म्हणजे परिसंस्थेनं घेतला, धन म्हणजे हवेत सोडला, हे धरूनच चाललोय.

चार ठिकाणी गाडी अडलीय.

१. टुंड्रात फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा उणे २५, जमीन बर्फाखाली, हिरवं पान नाही, तरी दुपारी एनईई उणे ०.३ ते उणे ०.५ मायक्रोमोल प्रति चौ.मी. प्रति सेकंद येतो. रात्रीही शून्याच्या थोडा खालीच.

२. 'यू-स्टार'च्या (हवा किती घुसळतेय त्याचं माप) वेगवेगळ्या उंबऱ्यांचे, म्हणजे किमान मर्यादांचे, रकाने घेतले की टुंड्राची वार्षिक बेरीज कधी शोषक, कधी उत्सर्जक.

३. श्वसन आणि तापमान यांचा वक्र बसवला तर क्यू-टेन (तापमान दहा अंश वाढलं की श्वसन किती पट होतं तो आकडा) जंगलासाठी २.५ च्या आसपास, टुंड्रासाठी ८. मार्गदर्शकांचं म्हणणं, हाच वापरून चार अंश वाढीचं भाकीत द्या.

४. विभागाला स्वतः मोजलेलं काहीतरी हवंय. बजेट दहाएक हजार. नाशिकच्या मातीवर मोजून या विषयाला काही उपयोग आहे का?

प्रतिसाद १: आकडेमोड

आधी साध्या शक्यता संपवून टाका. मूळ सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली असेल तर ती फाइल टाकून द्या आणि झिपमधून नवी काढा. वेळेचा रकाना बारा आकडी असतो, २०१५०२१४१३३० असा. एक्सेल तो घातांकात दाखवतं आणि सेव्ह करताना दिसतं तेवढंच लिहितं, म्हणजे दिवस-तास-मिनिटं गेली. 'आर'मध्ये हा रकाना अक्षररूपातच वाचा. −९९९९ च्या रिकाम्या नोंदी तुम्ही काढलेल्या दिसतात. एक जरी राहिली असती तर त्या दिवसाची सरासरी उणे दोनशेवर गेली असती.

मग वेळ. नोंदी स्थानिक प्रमाणवेळेत असतात, उन्हाळी वेळ धरलेली नसते. 'आर'ला टाइमझोन सांगितला नाही तर तो तुमच्या संगणकाचा घेतो, म्हणून 'यूटीसी' (जागतिक वेळ) असं नुसतं लेबल लावा, वेळेचे आकडे तसेच ठेवा आणि भारतीय वेळेत काहीही बदलू नका. पडताळ्यासाठी मोजलेला सूर्यप्रकाश आणि गणिती संभाव्य सूर्यप्रकाश एकाच ग्राफवर काढा. दोन्ही शिखरं एकाच वेळी यायला हवीत. उत्तर अलास्कात ते शिखर दुपारी बाराला न येता एकच्या सुमारास येतं. ते बरोबर आहे: तिथली प्रमाणवेळ १३५ अंश पश्चिम रेखांशावरची आणि ठिकाण १५० अंशांच्या आसपासचं.

हे सगळं ठीक असेल तर संशय उपकरणावर घ्या. टॉवरच्या मेटाडेटात (ठिकाण-उपकरणांच्या माहितीत) वायू-विश्लेषक कोणता ते पाहा. एलआय-७५०० सारखा उघड्या मार्गाचा (हवा नळीत न ओढता उघड्यावरच मोजणारा) असेल तर तुम्ही पाहताय ती थंड प्रदेशातली ओळखीची खोट आहे. उपकरणातल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आणि उन्हामुळे त्याचं अंग भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहतं. दोन भिंगांमधली हवा तापते, विरळ होते, आणि त्या मार्गात कार्बन डायऑक्साइडचे रेणू कमी भरतात. घनतेची दुरुस्ती (वेब, पिअरमन आणि ल्युनिंग यांची, १९८०) बाहेरच्या हवेचा उष्णताप्रवाह धरून केलेली असते, या आतल्या तापण्याचा हिशेब तिच्यात नसतो. उरलेली तूट शोषण म्हणून नोंदली जाते. थंडी जितकी कडक तितका फरक मोठा, वर ऊन आलं की आणखी मोठा. म्हणून दुपारी उणे ०.५ आणि रात्री शून्याच्या जरा खाली. बर्बा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावर दुरुस्ती मांडली. नंतरच्या ७५००ए मध्ये थंडीसाठी उपकरणाचं अंतर्गत तापमान ३० वरून ५ अंशांवर आणायची सोय आली. नळीतून हवा ओढणाऱ्या एलआय-७२०० सारख्या उपकरणात हा त्रास जवळपास नसतो.

उणे ०.४ म्हणजे किरकोळ वाटेल, पण बेरीज करा. एक मायक्रोमोल प्रति सेकंद म्हणजे दिवसाला १.०४ ग्रॅम कार्बन. उणे ०.४ सरासरीनं १५० दिवस चाललं तर चौरस मीटरमागे ६२ ग्रॅमचं खोटं शोषण. टुंड्राचा खरा वार्षिक ताळेबंदच बहुतेक ठिकाणी काही दहा ग्रॅमांचा असतो. म्हणजे उपकरणाच्या एका खोटीनं उत्सर्जक टुंड्रा शोषक ठरतो. (हिशेबात अणुभार १२ धरा, ४४ नको. ४४ धरल्यानं साडेतीन पटींहून फुगलेले आकडे प्रकल्प अहवालांत नेहमी दिसतात.)

आता काय करायचं नाही ते: फक्त ऋण नोंदी गाळू नका, शून्यही करू नका. हिवाळ्यातला खरा प्रवाह शून्याजवळ असतो, त्यामुळे यादृच्छिक चढउतारात काही नोंदी ऋण येणारच. त्याच तेवढ्या छाटल्या की बेरीज धन बाजूला ढकलली जाते. एक तर त्या वर्षांची दुरुस्ती केलेली आवृत्ती घ्या, नाहीतर त्या काळातल्या सगळ्याच नोंदी, धन-ऋण दोन्ही, रिकाम्या समजा आणि 'आर'मधल्या 'आर-एडीप्रॉक' पॅकेजनं गॅपफिलिंग (रिकाम्या नोंदी अंदाजानं भरणं) नव्यानं करा. जुनं गॅपफिलिंग ठेवलंत तर खोट्या नोंदींवरून भरलेले आकडे तसेच राहतील. त्याआधी दर महिन्याला दर्जाचा रकाना शून्य असलेल्या, म्हणजे खरोखर मोजलेल्या नोंदी किती टक्के आहेत ते काढा. ध्रुवीय रात्रीत सौर पॅनलला ऊन नसतं, संवेदकांवर हिमकण बसतात. डिसेंबरची टक्केवारी पाहिली की भरवसा किती ठेवायचा ते कळेल.

यू-स्टारबद्दल: रात्री हवा स्थिर असताना जमिनीतून निघालेला वायू टॉवरपर्यंत पोचतच नाही, उतारावरून थंड हवेबरोबर निघून जातो. उंबरा कमी ठेवला तर श्वसन कमी मोजलं जातं, जास्त ठेवला तर नोंदीच उरत नाहीत. बरोबर उंबरा एकच नसतो. म्हणून ०५ पासून ९५ शतमकापर्यंतचे (पर्सेंटाइल) रकाने दिलेले असतात. १६, ५० आणि ८४ या तिन्हींची वार्षिक बेरीज काढा आणि पट्टा म्हणून छापा. पट्टा शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरत असेल तर 'शोषक की उत्सर्जक हे या डेटावरून ठरत नाही' हाच निष्कर्ष लिहा. परीक्षकांनी विचारलं तर ठामपणे सांगा.

प्रतिसाद २: सूचीपर्ण

क्यू-टेनचं भाकीत अजिबात देऊ नका. ८ वापरलात तर चार अंशांत श्वसन २.३ पट, २.५ वापरलात तर १.४४ पट. एवढा फरक ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडाच तापमानाचा परिणाम मोजत नाहीये.

टुंड्रात वर्षभराच्या नोंदींवर एकच वक्र बसवला की त्यात तीन गोष्टी एकात एक मिसळतात. जमीन गोठताना पाणी बर्फ होतं आणि सूक्ष्मजीवांपर्यंत अन्न पोचवणारा पाण्याचा पातळ थर आटतो. उणे एक ते अधिक एक अंशात श्वसन कित्येक पटींनी बदलतं ते या पाण्यामुळे. दुसरं, उन्हाळ्यात मुळं जिवंत असतात, पानांकडून ताजी साखर खाली येत असते. हिवाळ्यात ती नसते. तिसरं, बहुधा तुम्ही हवेचं तापमान वापरलंय. बर्फाखाली जमीन उणे ५ आणि वर हवा उणे २५ हे तिथं रोजचं आहे.

जमिनीचं तापमान घ्या, पाच किंवा दहा सेंटिमीटरचं. शून्याच्या आसपासचा काळ वेगळा काढा. शरदात वरचा थर गोठत असताना बाहेर पडणाऱ्या सुप्त उष्णतेमुळे जमीन आठवडेच्या आठवडे शून्यावर अडून राहते. त्या काळात तापमान हलतच नाही, पण प्रवाह हलतो. उरलेल्या उन्हाळ्यासाठी १५ दिवसांच्या खिडक्या करा, पाच-पाच दिवसांनी पुढे सरकवा आणि प्रत्येकीत लॉइड-टेलर समीकरण (तापमानावरून श्वसन काढणारं) बसवा. ऋतूचा परिणाम असा वेगळा पडला की आकडा खाली उतरतो. माहेचा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ६० फ्लक्सनेट ठिकाणांवर ऋतूचा गुंता सोडवून पाहिला तेव्हा क्यू-टेन सुमारे १.४ आला होता.

आणखी एक अडचण लागेल. श्वसन रात्रीच्या नोंदींवरून काढतात, आणि उत्तर अलास्कात जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. १० वॅटपेक्षा कमी प्रकाश ही रात्रीची अट लावली तर ऐन हंगामात हाती काहीच उरत नाही. तिथं दिवसाच्या प्रकाश-प्रतिसाद वक्रावरून श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण यांची विभागणी करा (लासलॉप, २०१०). ह्युटियालासाठी दोन्ही पद्धती चालवून फरक दाखवा.

भाकिताऐवजी हे करून पाहा. ह्युटियालाची नोंद १९९६ पासूनची आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर एवढेच महिने घ्या. प्रत्येक वर्षाच्या शरदाचं तापमान सरासरीपेक्षा किती वर-खाली ते काढा आणि त्यासमोर एकूण प्रकाशसंश्लेषण व एकूण श्वसन वेगवेगळे मांडा. नोव्हेंबरच्या मध्याला तिथं जेमतेम सात तास उजेड असतो. शरद कितीही उबदार गेला तरी झाडाला प्रकाश वाढवून मिळत नाही. मातीतल्या श्वसनाला मात्र प्रकाश लागतच नाही. उबदार शरदात उत्तरेची जंगलं कार्बन गमावतात हे २००८ मध्ये पियाओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तुमच्या ठिकाणी ते दिसतं का, हा प्रश्न एम.एस्सी.ला पुरेसा आहे आणि तुमच्याकडच्या डेटातून सुटणारा आहे.

चार अंश वाढीबद्दल लिहायचंच असेल तर प्रत्यक्ष तापवून पाहिलेल्या प्रयोगांवर लिहा. मिनेसोटातल्या 'स्प्रूस' प्रयोगात दलदलीतली काळ्या स्प्रूसची झाडं आणि खालचं पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) उघड्या माथ्याच्या कक्षांत ०, २.२५, ४.५, ६.७५ आणि ९ अंशांनी तापवतात. तापवलेले कक्ष कार्बन गमावू लागले, आणि वाढ जितकी जास्त तितका तोटा जास्त. अलास्कात हीलीजवळ हिमकुंपणं घालून बर्फाचा थर जाड करतात. बर्फाच्या पांघरुणाखाली जमीन हिवाळ्यात उबदार राहते आणि उन्हाळ्यात खोलवर वितळते. या दोन्हींत तापमानासोबत पाणी आणि झाडोराही बदलतो. तुमचा वक्र ते धरूच शकत नाही.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. मेटाडेटा पाहिला, सुरुवातीच्या वर्षांत एलआय-७५०० च आहे, दुरुस्तीचा उल्लेख नाही. ती वर्षं हिवाळ्यापुरती रिकामी करून पुन्हा भरतो. शरदाची कल्पना सरांना दाखवतो. चौथ्या प्रश्नावर कुणी सांगेल का? विभागात बीओडी इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी), फ्रिज, ब्युरेट आहे. निफाडकडची काळी माती सहज मिळेल.

प्रतिसाद ३: मुरूम

उपयोग आहे, पण नाशिकच्या मातीचा आकडा टुंड्राला चिकटवायचा नाही. इथले सूक्ष्मजीव त्या थंडीला सरावलेले नाहीत. इथं दाखवायचं ते वर सूचीपर्ण यांनी सांगितलेलं तत्त्व: पाणी हाताशी नसेल तर तापमान वाढवून श्वसन फारसं वाढत नाही. तिकडे पाणी बर्फात अडकतं, इकडे मे महिन्यात जमिनीत उरतच नाही. तिकडचं वितळणं ते आपल्याकडचं मृगाचं पहिलं पाणी. कोरडी माती भिजली की एक-दोन दिवस कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो; बर्च यांनी १९५८ मध्ये नोंदवलेला परिणाम तो हाच.

निफाडची माती नको. तिच्यात चुनखडी असते आणि कार्बोनेटमधून येणारा वायू श्वसनात मिसळतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसली तर सोडा. त्र्यंबक-इगतपुरीकडची जास्त पावसातली तांबूस माती घ्या, वरचे दहा सेंटिमीटर, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून, मुळं वेचून.

बरण्यांचा प्रयोग असा. एक लिटरची घट्ट झाकणाची काचेची बरणी, ५० ग्रॅम माती, आत छोट्या बीकरमध्ये ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली. ओलावा दोन पातळ्यांचा: जलधारणक्षमतेच्या ६० टक्के आणि १५ टक्के. तापमान तीन: फ्रिजमध्ये ५, इन्क्युबेटरमध्ये १५ आणि २५. इन्क्युबेटर एकच असेल तर १५ आणि २५ पाठोपाठ करा, पण प्रत्येक वेळी ताजी माती घ्या. तीच पुन्हा वापरली तर पहिल्या फेरीत सोपं अन्न संपलेलं असतं. प्रत्येक जोडीच्या तीन बरण्या, शिवाय प्रत्येक तापमानाला मातीशिवायच्या तीन. या कोऱ्या बरण्या वगळल्या तर सगळं वाया, कारण हायड्रॉक्साइड बरणीतल्या आणि ओततानाच्या हवेतलाही वायू शोषतो.

माती भिजवल्यावर लगेच मोजू नका, बर्चचा लोंढा मोजाल. आठवडाभर त्याच तापमानाला, झाकण सैल ठेवून, ओलावा वजनावर राखत ठेवा. मग हायड्रॉक्साइड ठेवून २४ तास बंद. बाहेर काढल्याबरोबर एक मोलर बेरियम क्लोराइड २ मिली घाला, पांढरा साका बसेल. फिनॉल्फ्थॅलीन टाकून ०.१ नॉर्मल आम्लानं गुलाबी रंग जाईपर्यंत टायट्रेट करा. कार्बन मिलिग्रॅममध्ये = (कोरं वाचन − नमुन्याचं वाचन) × नॉर्मॅलिटी × ६. समजा कोरं १९.६ आणि नमुना १७.१ मिली. २.५ × ०.१ × ६ म्हणजे १.५ मिग्रॅ, ५० ग्रॅम मातीतून म्हणजे किलोला दिवसाला ३० मिग्रॅ. पुस्तकांत अर्धा किंवा एक नॉर्मलची कृती असते. ती घेतली तर हाच फरक अर्ध्या मिलिलिटरवर किंवा त्याहून खाली येतो आणि ब्युरेटच्या वाचनचुकीत बुडतो. उलट निम्म्याहून जास्त हायड्रॉक्साइड संपलं तर शोषण मंदावतं. तेव्हा वेळ कमी करा. फ्रिजमधल्या बरण्यांचं वाचन फारच कमी आलं तर त्या ७२ तास ठेवा आणि तीननं भागा.

बजेट उरलं तर शेतात मोजायला चेंबर करा. बोअरवेलच्या आठ इंची केसिंग पाइपचा दहा सेंटिमीटर उंच तुकडा, एका कडेला धार लावून, तीन-चार सेंटिमीटर जमिनीत. तो मोजणीच्या आदल्या दिवशीच बसवा. ठोकताना मुळं तुटतात, माती हलते आणि पहिले काही तास प्रवाह फुगलेला येतो. त्यावर त्याच पाइपचं झाकण, सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी, आत एसडीसी-तीस किंवा तत्सम इन्फ्रारेड सेन्सर, लहान पंखा, आणि दाब समान राहायला सलाइनची बारीक नळी. सेन्सरचं स्वयंचलित कॅलिब्रेशन बंद करा. आपण अधूनमधून ताज्या हवेत येतो असं ते धरून चालतं आणि आधाररेषा मनानं सरकवतं. चार मिनिटं बंद ठेवा, पहिली ३० सेकंद सोडा, उरलेल्यांची सरळ रेषा काढा.

प्रवाह = रेषेचा उतार × (आकारमान ÷ क्षेत्रफळ) × हवेचे मोल प्रति घनमीटर. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास आहे, हवेचा दाब साधारण ९४५ हेक्टोपास्कल. २५ अंशांना ३८.१ मोल येतात. समुद्रसपाटीचे ४०.९ वापरलेत तर उत्तर सात टक्के जास्त. उतार सेकंदाला ०.२ पीपीएम आणि जमिनीपासून झाकणापर्यंतची उंची २० सेंमी असेल तर १.५ मायक्रोमोल. कड जमिनीत गेल्यावर वर उरलेली उंचीच धरा, पाइपची पूर्ण नको.

प्रतिसाद ४: सह्यकडा

मुरूम यांच्या एसडीसी-तीसमध्ये अक्षरं उलटली आहेत, दुकानात एससीडी-तीस मागा. १५ टक्के ओलाव्याचा मुद्दाही जरा सुधारा: चाळलेल्या मातीत इतकं कमी पाणी एकसारखं मिसळत नाही, गोळे होतात. माती सावलीत वाळवून, फवाऱ्यानं वजनावर पाणी देत, पिशवीत घोळवून एक रात्र ठेवा, मग बरणीत भरा.

गोदाकाठ, अहवालात एक परिच्छेद टॉवरला न दिसणाऱ्या कार्बनवर हवाच. एनईई म्हणजे पूर्ण ताळेबंद नव्हे. ओल्या टुंड्रातून मिथेन निघतो. त्याला वेगळा विश्लेषक लागतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनामागे कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट तापवतो. वितळलेल्या जमिनीतून विरघळलेला सेंद्रिय कार्बन ओढ्यांत जातो. आणि आग: कॅनडात २०२३ मध्ये सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं. अशा आगीत बहुतांश कार्बन खोडांतून न जाता जमिनीवरच्या शेवाळ-पीटच्या थरातून जातो. तो थर जमिनीचं उष्णतारोधन असतो, म्हणून तो जळाला की खालचा पर्माफ्रॉस्ट (वर्षानुवर्षं गोठलेली जमीन) पुढची कित्येक वर्षं खोलवर वितळत राहतो.

हिवाळ्याच्या दुरुस्तीची गरज सरांना पटवायची असेल तर २०१९ चा नताली आणि सहकाऱ्यांचा अंदाज समोर ठेवा. पर्माफ्रॉस्ट प्रदेशातून ऑक्टोबर ते एप्रिल वर्षाला सुमारे १६६.२ कोटी टन कार्बन बाहेर पडतो, आणि प्रारूपांनुसार वाढीच्या हंगामातलं शोषण सुमारे १०३.२ कोटी टन. रिकाम्या केलेल्या तुमच्या महिन्यांसाठी गॅपफिलिंगवर एकट्यावर विसंबू नका. त्याच टॉवरच्या नंतरच्या, ७२०० किंवा तशा नळीच्या उपकरणाच्या हिवाळ्यांतले मोजलेले मध्यक शेजारी छापा. दोन्हींत पाव मायक्रोमोलपेक्षा जास्त अंतर असेल तर त्या वर्षांची वार्षिक बेरीज देऊच नका, फक्त मे ते सप्टेंबरची द्या.